दुसरा ड्रायव्हर

स्ट्रासबर्ग, १४ फेब्रुवारी १९९५

प्रिय अबीलियू,

फोन केला की ओतीलिया उचलते आणि म्हणते, तो ट्रकखाली आहे. चार महिने झाले, तू ट्रकखालीच आहेस. म्हणून हे पत्र. पत्राला तरी असं सांगता येत नाही.

तुझा माझ्यावर राग आहे हे मला कळतं. दुआर्तला माती दिली आणि दुसऱ्याच दिवशी मी इकडे निघून आले. पोराची सख्खी आत्या, पण सातव्या दिवसाच्या प्रार्थनेलाही थांबले नाही. इथे मतदान होतं. कशावर होतं ते आज विचारशील तर मला आठवतसुद्धा नाही.

मार्चमध्ये ट्रकचालकांच्या विश्रांतीच्या तासांवरचा अहवाल आमच्या सभागृहात येतोय. मला बोलायला दीड मिनिट मिळालंय. सहा वर्षं मी इथे युरोपच्या संसदेत खासदार आहे. ऑलिव्हच्या तेलावर बोलले, मेंढ्यांच्या रोगावर बोलले, सीमा उघडल्यावर आपल्या विलार फोर्मोझूच्या जकात-एजंटांच्या नोकऱ्या गेल्या त्यावर बोलले. सगळं छापलं जातं आणि कपाटात जातं. या वेळी पहिल्यांदा असं वाटतंय की मला खरंच काही बोलायचंय.

मला दुआर्तचं नाव घ्यायचंय. तू नको म्हणालास तर घेणार नाही. स्पेनच्या पोलिसांचा कागद मी वाचला. त्यात एक ओळ आहे: चालकाला झोप लागली. पण का लागली? फ्रान्समधल्या लीलहून तो किती वाजता निघाला होता? वाटेत झोपला होता का? घाई कुणाची होती? तुला माहीत असेल तेवढं लिही.

तिकडे बर्फ पडतोय असं ऐकलं. कोट घालून ट्रकखाली जात जा.

ग्रासिएत


फ्रेशाल, २७ फेब्रुवारी १९९५

ताई,

राग-बिग काही नाही. तू थांबली असतीस म्हणून तो उठून बसणार नव्हता.

ट्रकखाली असतो हे खरंय. दोनातला एक गेला, उरलेला म्हातारा झालाय, त्याचं रोज काहीतरी दुखतं.

तुमच्या तिथे बोलून काय होतं गं? सहाशे माणसं कानाला यंत्र लावून बसतात आणि जेवणाची वेळ झाली की उठतात, असं तूच सांगितलं होतंस. अकरा भाषांतून फिरून आमचा पोरगा घरी येणार आहे का? त्याला झोप लागली. पोलिसांनी लिहिलंय ते बरोबर आहे. माणसाला झोप लागते. मी काही घड्याळ घेऊन बसलो नव्हतो, तेव्हा तासांचं मला विचारू नकोस.

पण ओतीलियाचं वेगळंच. म्हणते, "घेऊ दे की नाव. कबरीच्या दगडावर आहे, ते फ्रेशालमधलेच चारजण वाचतात. तिथे सगळा युरोप ऐकेल." मी नको म्हणालो तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नुसतं सूप आणून समोर आदळायची. तेव्हा घे बाई नाव, तिच्यासाठी. माझं विचारशील तर नको.

अबीलियू

ताई, मी ओतीलिया. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली लिहिते. तो सांगणार नाही, त्याला त्रास होतो. दुआर्तचा लीलहून फोन आला होता तो दुपारी दोनला, आता निघतो म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला, बुर्गोसच्या पुढे, सरळ रस्त्यावर, लख्ख उन्हात झालं ते. मध्ये तो कुठे झोपला असेल असं मला वाटत नाही. नाव पूर्ण घ्या. दुआर्त वालादीम.


स्ट्रासबर्ग, १६ मार्च १९९५

प्रिय अबीलियू, प्रिय ओतीलिया,

काल बोलले. जेवायच्या आधीची वेळ होती, सभागृहात चाळीस-पन्नासजण असतील. इकडची रीत अशी की कुणी बोलत असताना बाकीचे कागद चाळतात, पत्रं लिहितात, शेजाऱ्याशी कुजबुजतात. मी सुरुवात केली तेव्हाही तसंच चाललं होतं. मग हळूहळू कागदांचा आवाज थांबला. माझं दीड मिनिट संपलं तरी अध्यक्षबाईंनी हातोडा उचलला नाही. डेन्मार्कचा एक म्हातारा सदस्य आहे, गेल्या सहा वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. तो उठून आला आणि त्याने नुसता माझा हात धरला.

जे बोलले ते असं:

"अध्यक्षबाई, गेल्या ऑक्टोबरमध्ये दुआर्त वालादीम नावाचा तेवीस वर्षांचा चालक बुर्गोसजवळ वारला. तो माझा भाचा होता. लीलहून निघाल्यापासून साडेचोवीस तासांत तो तिथे पोचला होता, एकटा. प्रत्येक ट्रकमध्ये कागदाची एक चकती असते. चालक किती तास चालला, किती थांबला, ते त्या चकतीवर सुई ओरखडून लिहीत असते. नियम पाळून इतक्या वेळात तिथे पोचता येत नाही. म्हणजे ती चकती फसवली गेली. तेवीस वर्षांचं पोर हे आपल्या मनाने करत नाही. कुणीतरी त्याला शिकवलं. ज्याने शिकवलं त्यानेच त्याला मारलं. त्या माणसाचे हात स्वच्छ आहेत, तो उबदार कचेरीत बसलेला आहे, आणि त्याने माझ्या भाच्याचा चेहरा कधी पाहिलेलासुद्धा नाही."

कच्चं इतिवृत्त दुसऱ्या दिवशी हातात येतं, शब्द दुरुस्त करायला संध्याकाळपर्यंत मुदत असते. मी स्वल्पविरामही हलवला नाही.

ओतीलिया, नाव पूर्ण घेतलं. छापील पान सोबत आहे.

ग्रासिएत


स्ट्रासबर्ग, २६ एप्रिल १९९५

प्रिय अबीलियू,

तुझं उत्तर नाही. पान मिळालं ना?

लिस्बनच्या वर्तमानपत्राने माझं भाषण पहिल्या पानावर छापलं, दुआर्तच्या फोटोसकट. फोटो ओतीलियाने दिला असं बातमीदार म्हणाला. चालकांच्या संघटनेने मला पोर्तूला बोलावलंय. अहवाल मोठ्या बहुमताने मंजूर झाला, आता तो मंत्र्यांकडे जाईल आणि शरद ऋतूत बदल होऊन परत आमच्याकडे येईल. माझे सहकारी म्हणतात, एवढ्या वर्षांत या सभागृहात इतकं मनापासून कुणी बोललं नव्हतं.

हे तुला सांगताना मलाच कसंतरी होतं. पण तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

रागावला असशील तर तसं लिही. शिव्या दे, चालेल. लहानपणी द्यायचासच.

ग्रासिएत


फ्रेशाल, १९ मे १९९५

ताई,

मी ओतीलिया लिहितेय. त्याला माहीत नाही.

वर्तमानपत्राचं पान मी चौकटीत लावून घेतलं, स्वयंपाकघरात, टेबलासमोर. त्या दिवसापासून अबीलियू स्वयंपाकघरात जेवत नाही. ताट घेऊन पायरीवर बसतो. मला वाटलं, फोटो बघवत नसेल. मी चौकट आतल्या खोलीत नेली. तर आता तो आतल्या खोलीत येत नाही. दुपारी ट्रकच्या केबिनमध्ये आडवा होतो. झोपत नाही, मी जाऊन बघितलंय. डोळे उघडे असतात.

अर्मिंदाच्या कॅफेत गेला होता एकदा. तिथल्या ड्रायव्हर लोकांनी उठून त्याला खुर्ची दिली. म्हणे, "तुझ्या बहिणीने त्या कचेरीतल्या हरामखोरांना बरोबर सुनावलं." हा कॉफी तशीच टाकून निघून आला. नंतर गेलाच नाही. मालाला नाही म्हणतो. ट्रक तीन आठवडे दारात उभा आहे.

दुःख मलाही आहे हो. माझ्याच पोटचा होता तो. पण मला दुःख झालं की मी रडते, भांडी घासते, पुन्हा रडते. हा कशाला तरी घाबरल्यासारखा वागतो. तुम्ही मोठ्या आहात, तुमचं ऐकतो. एकदा येऊन जा.

ओतीलिया


फ्रेशाल, ११ जून १९९५

ताई,

येऊ नकोस. आधी हे वाच, मग यावंसं वाटलं तर ये.

तू चकतीवर भाषणं करतेस, चकती कधी हातात धरलीयस का? तळहाताएवढी असते. मधोमध ड्रायव्हरने आपलं नाव लिहायचं असतं. दोन ड्रायव्हर असले तर दोन चकत्या. एक चालवतो तेव्हा दुसरा झोपतो, आणि यंत्राला वाटतं सगळं ठीक आहे. आता समज ड्रायव्हर एकच आहे आणि त्याच्याकडे दोन नावांच्या दोन चकत्या आहेत. आपले तास संपले की दुसऱ्याची चकती पुढे सरकवायची. यंत्राला माणूस दिसत नाही, नाव दिसतं.

दुआर्तकडे दुसरी चकती माझ्या नावाची होती. मीच लिहून दिली होती, माझ्या हाताने. कशी सरकवायची ते मीच शिकवलं, इथे दारात, त्याच्या पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी. तो म्हणाला, "बाबा, पकडलं तर?" मी म्हणालो, "पकडलं तर सांग, बाप मागे झोपलाय." आम्ही दोघं हसलो होतो गं.

त्या दिवशी सकाळी त्याने इरूनहून, फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरून फोन केला. गुरुवारी सकाळी ग्रॅनाइटचा माल उचलायचा होता. नाही पोचलो तर तो दुसऱ्याला जाणार, असं माल ज्या फ्रेंच कंपनीचा, तिच्या माणसाने मला बजावलं होतं. म्हणजे कचेरीतला माणूस आहे, ताई, तू अगदीच चूक नाहीस. पण तो मला म्हणाला होता. पोराला मी म्हणालो. माझी चकती लाव आणि ये.

दुपारी चारला फोन वाजला. मी बागेत चेस्टनट गोळा करत होतो, हात पुसत आत आलो. स्पेनचा पोलीस होता. म्हणाला, "दुआर्त वालादीम गेला. दुसऱ्या ड्रायव्हरचा आम्ही शोध घेतोय. केबिनमधून बाहेर फेकला गेला असावा. दीड तास झाला, आठजण शेतं आणि नाले धुंडाळतायत. धीर सोडू नका." मी विचारलं, दुसरा कोण? त्याने चकतीवरचं नाव वाचलं. अबीलियू वालादीम.

मी म्हणालो, "तो मीच."

त्याने फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग कुणालातरी ओरडून सांगितलेलं ऐकू आलं, की थांबा, शोधू नका.

पोराला आणायला गेलो तेव्हा त्या पोलिसाने ती चकती पाकिटात घालून माझ्या हातात दिली. म्हणाला, "माझा भाऊ पण ड्रायव्हर आहे." आणि कागदावर एकच ओळ लिहिली, ती तू वाचलीस.

ज्याने शिकवलं त्यानेच मारलं, असं तू म्हणालीस. मी ते पान इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. त्याचे हात स्वच्छ आहेत म्हणतेस. बघ येऊन हात.

ओतीलियाला यातलं काही माहीत नाही. सांगू नकोस. आणि तुझी तिथे ओळख असेल तर ते वाक्य कागदातून काढून टाक. एवढंच कर.

अबीलियू


ब्रसेल्स, २२ जून १९९५

अबीलियू, माझ्या बाळा,

तुझं पत्र मिळून चार दिवस झाले. चार दिवस कचेरीत आजारी आहे म्हणून सांगितलं.

ते वाक्य काढता येत नाही. आज जाऊन मी विचारलं. इतिवृत्त पाहणाऱ्या बाईने मला समजावून सांगितलं, अगदी सौजन्याने, की मुदत सोळा मार्चच्या संध्याकाळी संपली. आता ते अकरा भाषांत छापलं गेलंय, बांधलं गेलंय. तिने मला डॅनिश पानसुद्धा दाखवलं. मला एक अक्षर कळलं नाही, पण दुआर्तचं नाव ओळखू आलं.

तू माझ्याकडे कबुली दिलीस, आता माझी ऐक. मला ते वाक्य आवडलं होतं. गाडीत बसून मी ते घासूनपुसून घेतलं होतं. आधी फक्त 'कुणीतरी शिकवलं' एवढंच होतं. स्वच्छ हात, उबदार कचेरी, न पाहिलेला चेहरा, हे सगळं मी मागाहून जोडलं, कारण ते कानाला छान लागत होतं. मला काहीही माहीत नव्हतं. तू 'तास विचारू नकोस' म्हणालास, तेव्हाच मी थांबायला हवं होतं. वीस वर्षं शाळेत शिकवलं, पोरगं नजर चुकवायला लागलं की मला लगेच कळायचं. तुझं कळलं नाही. कदाचित कळून घ्यायचं नव्हतं.

मी तुला माफ करते असं लिहिणार नाही. तो हक्क माझा नाही. तू माझा भाऊ आहेस, एवढंच लिहिते.

ओतीलियाला मी होऊन काही सांगणार नाही. पण तिने विचारलं तर तिच्याशी खोटं बोलणार नाही. तूच सांग. अबीलियू, ती त्या चौकटीसमोर बसून भलत्याच माणसाला शिव्या घालतेय, हे तुला बघवतं?

अहवाल नोव्हेंबरमध्ये परत येईल. मला पुन्हा दीड मिनिट मिळेल. मी काय बोलायचं ते तू ठरव.

ग्रासिएत


फ्रेशाल, ३ सप्टेंबर १९९५

ताई,

सांगितलं. जुलैमध्येच सांगितलं, तुला लिहायला आज हात उचलला.

ती टोमॅटो सोलत होती, बाटल्या भरायच्या होत्या. मी पाकिटातून चकती काढून तिच्यासमोर ठेवली. तिने माझं नाव वाचलं. म्हणाली, "ही तुझी चकती. मग दुआर्तची कुठे आहे?" मला वाटलं होतं एका वाक्यात होईल. तासभर लागला. ती टोमॅटो सोलत राहिली. शेवटी उठली, हात धुतले, उरलेले टोमॅटो नीट टोपलीत ठेवले, वर फडका घातला. मग म्हणाली, "मातीच्या वेळी मी तुला धरून उभी होते."

दुसऱ्या दिवशीच्या बसने ती ग्वार्दाला बहिणीकडे गेली. चौकट घेऊन गेली नाही. मी उघडून पाहिलं, तिने आतलं पान काढून फोटोचा तेवढा तुकडा कापून नेलाय. मजकूर टेबलावर ठेवला होता.

ट्रक विकला. गिऱ्हाईक चालवून बघताना म्हणालं, "दुसरा ड्रायव्हर कोण असायचा?" मी म्हणालो, कुणी नाही.

तू काय बोलायचं ते मी ठरवावं म्हणतेस. मग खरं बोल. माझं नाव घे. पोलीस आले तर येऊ देत, मला धावायचं कुठे आहे? पण तुझं काय होईल ताई? पहिल्या पानावर फोटो आलेली बाई, आता उठून म्हणणार की मी चुकले. तुझ्या पक्षाचे लोक तुला पुढच्या वेळी उभी करतील का? विचार कर. नाही बोललीस तरी मी काही म्हणणार नाही.

अबीलियू


स्ट्रासबर्ग, १५ नोव्हेंबर १९९५

प्रिय अबीलियू,

आज बोलले.

पक्षाच्या नेत्याला आधी सांगितलं होतं. भला माणूस आहे. म्हणाला, "ग्रासिएत, कुणी विचारलंय का तुम्हाला? कायदा चांगला आहे, मंजूर होतोय. त्याला कशाला धक्का लावता?" मी म्हणाले, कायद्याला नाही लावत. तो म्हणाला, "उमेदवारांची यादी माझ्या एकट्याच्या हातात नसते." बस, एवढंच. त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला.

मतदान नुकतंच संपलं होतं, लोक जेवायला निघाले होते. बसलेले मी मोजले, चौदा. डॅनिश म्हातारा नव्हता. तो उन्हाळ्यात वारला असं कळलं.

"अध्यक्षबाई, मार्चमध्ये मी याच जागेवरून एका माणसाबद्दल बोलले होते. त्याचे हात स्वच्छ आहेत, असं मी म्हणाले. ते खरं नव्हतं. त्या हातांवर तीस वर्षांचं डिझेल आहे. त्याने माझ्या भाच्याचा चेहरा पाहिला नाही, असं मी म्हणाले. भाचा जन्मला तेव्हा तो चेहरा सगळ्यात आधी त्यानेच पाहिला होता. तो माझा भाऊ आहे, अबीलियू वालादीम. चकती कशी फसवायची ते त्याने मुलाला शिकवलं, कारण त्यालाही ते असंच कुणीतरी शिकवलं होतं. अपघातानंतर आठजण शेतात दुसऱ्या चालकाला शोधत होते. दुसरा चालक नव्हताच. या कायद्याने माझ्या भावासारखी माणसं पकडली जातील आणि मी कायद्याच्या बाजूने मत दिलं आहे. ज्याला माल गुरुवारी सकाळीच उचलून हवा होता त्याचं नाव मात्र कुठल्याही चकतीवर नसतं. मी मार्चमध्ये जे न कळता बोलले त्याबद्दल माझ्या भावाची आणि या सभागृहाची क्षमा मागते."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "आभारी आहे. पुढचे वक्ते." पुढचे वक्ते जागेवर नव्हते. कामकाज संपलं.

बातमीदारांच्या सज्जात कुणी नव्हतं. संध्याकाळी लिस्बनच्या त्या वर्तमानपत्राला मी स्वतः फोन केला. ते म्हणाले, जागा झाली तर बघू. मार्चचं सगळ्यांनी वाचलं, आजचं कुणी वाचणार नाही. पण छापलं जाईल, अकरा भाषांत.

कच्चं इतिवृत्त उद्या येईल. त्यातलं पोर्तुगीज पान दोन ठिकाणी पाठवते. एक तुला, एक ग्वार्दाला.

ग्रासिएत


फ्रेशाल, १४ जानेवारी १९९६

ताई,

पान मिळालं. ते खिशात घालून अर्मिंदाकडे गेलो. सहा-सात ड्रायव्हर होते, नाताळच्या सुट्टीवर आलेले. मला पुन्हा खुर्ची द्यायला लागले. मी म्हणालो, बसा, आधी हे ऐका. आणि उभा राहूनच वाचलं. मी कधी चारचौघांत मोठ्याने वाचलेलं नाही. माझ्या नावापाशी आलो तेव्हा अर्मिंदाने पाणी दिलं, मग पुढचं वाचलं.

मग सेझिनांदू, तो तिरळा, माझ्याबरोबर सैन्यात होता, तो म्हणाला, "माझ्या दुसऱ्या चकतीवर माझ्या बापाचं नाव आहे." मी म्हणालो, तुझा बाप तर जाऊन सहा वर्षं झाली. तो म्हणाला, "हो. म्हणून तर तो कधी थकत नाही." एरवी सगळे खो खो हसले असते. कुणी हसलं नाही. सेझिनांदू टेबलाकडे बघत राहिला. मग त्याने टोपी उचलली आणि गेला.

पोलीस आले नाहीत. वाट बघतोय असं नाही, पण दार वाजलं की वाटतं.

काल ओतीलिया आली होती, हिवाळ्याचे कपडे न्यायला. तुझं पान तिलाही मिळालंय. मी कॉफी केली. तिने कोट न काढताच घेतली. कपडे बांधून झाल्यावर दाराशी थांबली आणि म्हणाली, "एक गोष्ट तू मला सांगितली नाहीस. ग्रासिएतलाही सांगितलेली नाहीस. इरूनहून फोन केला तेव्हा तो काय म्हणाला? नीट, त्याचेच शब्द."

हे मला कुणी विचारू नये म्हणून मी सव्वा वर्ष लपत होतो, ताई. बाकीचं सगळं सांगता येत होतं.

मी म्हणालो, तो म्हणाला, "बाबा, डोळे मिटतायत. इथे तासभर पडू?"

"आणि तू?"

"मी म्हणालो, आता घरी येऊनच झोप."

ती बसली. कपड्यांचं बोचकं मांडीवर घेऊन बसली. मी समोर उभा. खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली उतरून जमिनीवर आलं, तोवर आम्ही तसेच होतो. मग तिची बसची वेळ झाली. मी बोचकं उचलायला गेलो तर तिने उचलू दिलं नाही.

रस्त्याला लागल्यावर ती मागे वळली आणि म्हणाली, "तुझ्या बहिणीला हे कळव. तिला माहीत असावं, आत्या होती ती. पण तिला सांग, हे तिथे बोलायचं नाही."

म्हणून लिहिलं. हे तिथे बोलू नकोस.

अबीलियू